नागोरावांच्या जहाजाचा पुरस्कार

यवतमाळात कबड्डीची स्पर्धा असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की कुणा पुढाऱ्याचा सत्कार, शिल्ड येते ती बहुतेक फिरोजभाईकडून. दुकान एका गल्लीत, लहानसं. कारखाना लोहाऱ्याच्या एमआयडीसीत. कारखाना म्हणजे तरी काय, पत्र्याची शेड, एक लेझर मशीन, पॉलिशची मोटर आणि भिंतीला लावून ठेवलेले सोनेरी कप. फिरोजचं वय पन्नाशीच्या पुढं. बोलायला गोड, वेळेला पक्का. त्याचे वडील रहेमानमियाँ कल्हई करायचे आणि आहेराच्या भांड्यांवर नावं घालायचे. बारीक छिन्नी, बारीक हातोडी आणि मांडीवर तांब्या. लग्नसराईत त्यांच्यासमोर भांड्यांचा ढीग लागायचा. फिरोजला तो हात आला नाही, आणि खरं म्हणजे त्याला त्याचा कंटाळाही होता. त्यानं मशीन घेतलं आणि मशीनवर त्याचं बरं चाललं.

त्याच्या हातून जे झालं ते यवतमाळात पुष्कळांना अर्धवट माहीत आहे. पूर्ण असं आहे.

जानेवारीचे दिवस होते. सगळ्या शाळांची संमेलनं एकदमच येतात, त्यामुळे शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अशा गडबडीत वणीच्या कॉलेजात शिकवणारी मैत्रेयी तिच्या आजीला घेऊन आली. आजी म्हणजे सत्यशीलाबाई, ऐंशीला टेकलेल्या, वणीजवळच्या राजूरच्या. पांढरं लुगडं, जाड भिंगांचा चष्मा, आणि मांडीवर जुन्या चादरीत बांधलेलं काहीतरी. त्यांनी ते गाठोडं कुणाच्या हातात दिलं नाही. खुर्चीवर बसून स्वतःच सोडलं.

आत पितळेची एक दीपमाळ होती, हातभर उंच, शिसवी बैठकीवर बसवलेली. वर एक मोर. बैठकीला चांदीची पातळ पट्टी स्क्रूनं बसवलेली. सगळं काळंकुट्ट झालेलं.

"हे साफ करायचं आहे, भाई," मैत्रेयी म्हणाली. "आजीच्या वडिलांना मिळालेला पुरस्कार आहे. सिनेमाचा. एक्कावन्न सालचा."

"सिनेमाचा?" फिरोजला हसू आलं. "आपल्या इकडच्या माणसाले?"

"आपल्या इकडच्याच," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "माह्या बापाले."

फिरोजनं मोटर बंद केली. कामाची घाई होती, पण बाईंनी सांगायला सुरुवात केली आणि तो ऐकत राहिला.

नागोराव ताकसांडे वणीकडच्या एका खेड्यातले. गावात पाणीसुद्धा वेगळ्या बाजूनं भरावं लागे, म्हणून विशीच्या आतच मुंबई गाठली. एका सिनेमा स्टुडिओत लाकडं वाहायला लागले. तो काळ असा की स्टुडिओ म्हणजे एक गावच असे. नायक, नायिका, गाणारे, वाजवणारे, शिंपी, सुतार, सगळे महिन्याच्या पगारावर. लाकडं वाहता वाहता नागोराव करवत धरायला शिकले, मग रंधा, मग नकाशा वाचायला. पुढं मालकानं समुद्रावरचा एक चित्रपट काढला. त्यात वादळात सापडलेलं जहाज हवं होतं. देखाव्याच्या, म्हणजे सेटच्या, मोठ्या साहेबांनी कागदावर जहाज काढलं, ते उभं केलं आणि कॅमेऱ्यासमोर ते हललंच नाही. नुसतं घर दिसायचं.

"बाबा समुद्राच्या काठी जाऊन बसत," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "इकडं असतानी त्याईनं समुद्र कधी पायलाच नव्हता. होड्या कशा डोलतात ते पायत बसत. अन् मंग त्याईनं जहाजाच्या बुडाखाली बैलगाडीच्या चाकाचा आख बसवला. आठ माणसं दोन्हीकून दाबत. जहाज असं काही कलंडे, का हिरोइन खरंच पडली. ते पडणंच ठेवलं सिनेमात."

चित्रपट चालला. त्या वर्षी चित्रपटवाल्यांच्या एका मंडळानं पुरस्कार दिले. सकाळच्या वेळी थिएटर मोकळं असे, तेव्हा समारंभ झाला. आधी नायक-नायिका, मग दिग्दर्शक, मग संगीतवाले. देखाव्याचा पुरस्कार मोठ्या साहेबांनाच जायचा होता, पडद्यावर नाव त्यांचंच होतं. पण दिग्दर्शक अडून बसला की जहाज ज्यानं हलवलं त्याला काहीतरी मिळालं पाहिजे. म्हणून सगळ्यात शेवटी, अर्धे पाहुणे उठून गेल्यावर, कारागिरासाठी म्हणून एक दीपमाळ देण्यात आली. तसा पुरस्कार त्या मंडळानं आधी दिला नव्हता आणि नंतरही दिला नाही. नागोराव उसन्या सदऱ्यात स्टेजवर गेले. पाच वर्षांची पोर मागच्या रांगेत आईच्या मांडीवर झोपली होती, ती म्हणजे सत्यशीलाबाई. "मले काईच आठवत नाई," त्या म्हणाल्या. "झोपलीच होती मी."

नंतर स्टुडिओ डबघाईला आला. छपन्न साली नागोराव दीक्षेसाठी नागपूरला आले ते परत मुंबईला गेलेच नाहीत. मुलीचं नाव बदलून सत्यशीला ठेवलं, राजूरच्या कोळसा खाणीत छताला लाकडी टेकू लावायच्या कामावर लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या चित्रपटाच्या प्रती मुंबईच्या एका गोदामाच्या आगीत गेल्या. पडद्यावर तर त्यांचं नाव नव्हतंच. जगात त्यांचं आणि त्या जहाजाचं नाव एकत्र होतं ते फक्त त्या पट्टीवर.

"पुण्याची एक संस्था जुन्या स्टुडिओंतल्या कामगारांचं प्रदर्शन भरवते आहे," मैत्रेयी म्हणाली. "आधी यवतमाळात कार्यक्रम आहे, तिथं त्यांच्या मॅडम वस्तू बघायला येणार आहेत. पसंत पडली तर नागपूर, पुणे, सगळीकडे जाईल."

सत्यशीलाबाईंनी पट्टीवर बोट ठेवलं. "पितळ घासा, लाकूड पुसा. पण ह्याले मशीन लावजो नोको, बाप्पा. अक्षरं वरवरची हाये."

"बेफिकर राहा, मावशी," फिरोज म्हणाला. "नावाले हात नाई लावत."

त्यानं नेहमीप्रमाणे मोबाइलवर वस्तूचा फोटो काढला, पट्टीचा जवळून वेगळा काढला. मैत्रेयीनं कधी असा फोटो काढला नव्हता. घरातल्या काळ्या पडलेल्या वस्तूचा फोटो कोण काढतं?

दोन-तीन दिवसांनी त्यानं काम हातात घेतलं. स्क्रू काढून पट्टी बाजूला ठेवली, पितळ घासलं. मोर असा झळकला की त्याला स्वतःलाच बरं वाटलं. पण पट्टी परत जागेवर ठेवून बघितली तर सगळ्या उजेडात ती तेवढी काळी. त्याला वाटलं, एक हलका हात द्यावा, एवढ्यानं काय होतं. त्याच वेळी एका पुढाऱ्याच्या माणसाचा फोन आला, सत्काराची शिल्ड आजच पाहिजे म्हणून. खांदा आणि कान यांच्यामध्ये मोबाइल धरून, त्या माणसाला समजावत, फिरोजनं पट्टी फिरत्या चाकाला लावली.

फोन संपला तेव्हा त्याच्या हातात आरशासारखा लखलखीत, कोरा तुकडा होता.

त्यानं तो उजेडात तिरपा धरून बघितला. ओला करून बघितला. अंगठ्याच्या नखानं चाचपला. एखाद्या वेलांटीचा मागमूस तरी असेल असं वाटलं. काहीच नव्हतं. बाहेर रस्त्यावरून ट्रक गेला, शेडचा पत्रा थरथरला. फिरोज स्टुलावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

त्या क्षणी फोन उचलून मैत्रेयीला सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच राहिली असती. चूक होती, ती चूकच राहिली असती. फोटो होता, त्यावरून काही करताही आलं असतं. त्यानं फोन उचललाही. पण डोळ्यांसमोर त्या म्हाताऱ्या बाईंचं पट्टीवर ठेवलेलं बोट आलं, आणि फोन त्यानं खाली ठेवला. मग मोबाइलमधला फोटो मोठा करून त्यानं मजकूर कॉम्प्युटरवर टाइप केला: श्री. नागोराव सीताराम ताकसांडे, जहाजाच्या देखाव्याबद्दल, १९५१. जुन्या अक्षरांच्या जवळ जाणारा फॉन्ट शोधला. लेझरनं पट्टी कोरली. मग तिच्यावर औषध चोळून तिला थोडं काळवंडवलं, म्हणजे नवी वाटू नये. हे सगळं त्यानं मन लावून केलं. चुकीपेक्षा हेच पुढं त्याला जास्त टोचायचं, की हात थरथरला नाही.

मैत्रेयी आणि आजी घ्यायला आल्या. दीपमाळ बघून मैत्रेयीनं टाळीच वाजवली. सत्यशीलाबाईंनी बोट पट्टीवर फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळूहळू.

"नाव खोल झालं वाटते," त्या म्हणाल्या.

"काळं निघालं ना, मावशी. म्हणून तसं वाटून राह्यलं."

बाईंनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. जाड भिंगांमागचे डोळे मोठे दिसत होते. "हाव का?" एवढंच म्हणाल्या आणि दीपमाळ चादरीत बांधायला लागल्या.

त्या गेल्यावर फिरोजनं मोबाइलमधले ते फोटो काढून टाकले. कुणी शेजारी ठेवून बघू नये म्हणून.

यवतमाळच्या कार्यक्रमाला हॉल भरला होता. राजूरची पुष्कळ माणसं आली होती, वणीच्या कॉलेजची मुलं होती. स्टेजवर नागोरावांचा फोटो, त्यासमोर दीपमाळ. मैत्रेयीनं भाषणात पणजोबांची सगळी हकिकत सांगितली आणि शेवटी म्हणाली, "आमच्या घराण्याची ही ठेव ज्यांनी पुन्हा उजळून दिली, त्या फिरोजभाईंनी कृपया पुढं यावं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. फिरोजला गुलाबाचं फूल देण्यात आलं. फूल घेऊन तो पहिल्या रांगेत बसला. काय करावं न कळून त्यानं ते फूल इतकं दाबून धरलं की देठ मोडला.

कार्यक्रमानंतर पुण्याच्या उज्ज्वला मॅडम वस्तू बघायला आल्या. शांत, साध्या बाई. त्यांनी भिंग काढून पट्टी बघितली, मग मोर बघितला, मग पुन्हा पट्टी. मैत्रेयीला जरा बाजूला बोलावलं.

"दीपमाळ जुनी आहे," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "पण हे नाव मशीननं कोरलंय. अलीकडचं आहे. त्या काळात असं कोरता येत नव्हतं."

"असं कसं? लहानपणापासून बघते मी हे नाव."

"मी तुम्हाला खोटं म्हणत नाही. पण जुनी वस्तू मिळवून तिच्यावर घरच्या माणसाचं नाव घालणं, असं आम्ही बघितलंय." मग त्यांचं लक्ष फिरोजकडे गेलं. "तुम्हीच साफ केलंत ना हे? तुमच्याकडे आलं तेव्हा हे नाव होतं?"

फिरोजजवळ मैत्रेयी उभी होती. दोन पावलांवर सत्यशीलाबाई खुर्चीत बसल्या होत्या. 

"नाव होतं," तो म्हणाला.

"हेच?"

"मी फक्त काळं काढलं, मॅडम."

उज्ज्वला मॅडमनी मान हलवली. फिरोज खोटं बोलला असं त्यांना वाटलंही नसेल. त्यांना वाटलं असेल की नाव घरच्यांनीच आधी कुठंतरी घालून घेतलं. त्यांनी भिंग पिशवीत ठेवलं आणि सांगितलं की ही वस्तू प्रदर्शनात घेता येणार नाही. मैत्रेयीला वाटलं, मॅडमचंच काहीतरी चुकतंय; फिरोजवर तिला संशय आला नाही. बोलणं हलक्या आवाजात झालं होतं, पण आसपास माणसं होती. दुसऱ्या दिवशी वणी-यवतमाळच्या मोबाइल ग्रुपवर दीपमाळेचा फोटो फिरायला लागला. खाली लिहिलेलं: नकली अवॉर्ड. कुणी लिहिलं, खाणीतला मजूर म्हणे सिनेमात होता. कुणी लिहिलं, यांना काय, दिसलं तिथं नाव लावायचं. त्यापुढचं इथं लिहावंसं वाटत नाही.

हे सगळे संदेश फिरोजलाही आले. ग्राहकांचे ग्रुप होते, त्यामुळे कुणी ना कुणी पाठवतच होतं. त्यात एक संदेश त्याच्याबद्दलचा होता: पॉलिशवाल्यानं काय करावं, तो बिचारा आपलं काम करून मोकळा. तो संदेश त्यानं पुन्हा पुन्हा वाचला.

जेवण तुटलं. दुकानात बसे, पण गिऱ्हाईक काय बोलतंय ते कानावरून जाई. पट्ट्यांवर नावं घालताना चुका व्हायला लागल्या. एका शाळेच्या शिल्डवर दुसऱ्याच शाळेचं नाव गेलं. त्याची बायको शमा दुपारी डबा घेऊन शेडवर आली, तेव्हा कालचा डबा तसाच भरलेला सापडला. ती त्याच्यासमोर बसली.

"हुआ क्या है?" तिनं विचारलं. घरात त्यांचं हिंदीच चालतं.

फिरोजनं सगळं सांगितलं. चाक, फोन, फॉन्ट, औषध, पुसलेला फोटो आणि हॉलमधलं ते वाक्य. सांगताना त्यानं आधी स्वतःची बाजू मांडायचा प्रयत्न केला. घाई होती, माणूस फोनवर होता, पट्टी पातळ होती. शमा ऐकत होती. मग तो ते सगळं सोडून देऊन म्हणाला, "मैंने झूठ बोला. उनके सामने."

"तो उनके सामनेच जाके बोलो," शमा म्हणाली. "मेरे को बोलके क्या होता?"

तरी काही दिवस त्यानं घालवलेच. एकदा बसस्थानकापर्यंत जाऊन परत आला. एकदा मैत्रेयीचा नंबर लावला आणि ती "हॅलो" म्हणताच बंद केला. शेवटी एका रविवारी सकाळी वणीच्या बसमध्ये बसला. वाटेत करंजी गावात बस थांबली, लोक चहाला उतरले, तो उतरला नाही. उतरलो तर इथूनच परत जाईन अशी त्याला भीती होती.

राजूरला चुन्याच्या भट्ट्यांची पांढरी धूळ झाडांवर बसलेली असते. सत्यशीलाबाईंचं घर वस्तीच्या टोकाला. त्या अंगणात उन्हात बसून तूर निवडत होत्या. मैत्रेयी आत होती.

"जय भीम, मावशी," फिरोज म्हणाला.

"जय भीम. ये, बस," त्या म्हणाल्या. आलास कशाला असं त्यांनी विचारलं नाही.

तो बसला नाही. उभ्यानंच बोलला. आधी वाटलं होतं हळूहळू विषयावर येऊ, पण पहिलंच वाक्य निघालं ते असं: "मावशी, नावाले मशीन मी लावलं. नाव पुसल्या गेलं. मंग मीच नवं घातलं."

बाईंचा हात सुपात थांबला. मग त्यांनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मले मालूम होतं," त्या म्हणाल्या.

"मालूम?"

"तूनं देल्लं त्याच दिशी. मुंबईच्या कारागिरानं नाव घालतानी जागा पुरली नाई. ताकसांडेतला डे खाली घसरला होता, पट्टीच्या काठाले. लहानपणी मी त्याच्यावरच बोट ठेवून झोपत जाओ. तूनं तो सरळ केला."

फिरोजला आठवलं. फोटोत तो 'डे' खाली घसरलेला होता. टाइप करताना त्याला ती चूक वाटली होती.

"मंग तुम्ही काहून बोलल्या नाई? तिथं, हॉलमंदी? तुमचीच बेइज्जती झाली ना, मावशी."

"मले वाटलं, तू बोलशीन," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "त्या बाईनं तुले विचारलं तवा मी तुह्या तोंडाकडंच पायत होती."

एवढ्यात मैत्रेयी दारात आली होती. तिनं शेवटचं ऐकलं होतं आणि बाकीचं तिला कळायला वेळ लागला नाही. 

"मी तुम्हाला फूल दिलं," ती म्हणाली. "माझ्या वर्गातली मुलं मला विचारतात, मॅडम, ते नाव तुम्ही कुठून कोरून आणलं? आणि तुम्ही शिल्ड बनवत बसलात?"

"हो, बेटा."

"बेटा म्हणू नका मला."

 सत्यशीलाबाईंनी सूप बाजूला सारलं. "माह्या बापाचं नाव गेलं, त्याचं दुःख हाये," त्या म्हणाल्या. "पण हात चुकते माणसाचा. बाबाचाही चुके. खोटं तू मले बोलला, त्याचं काय करू? पयले ज्याईले बोलला, त्याईले सांग. मंग माह्याकडं ये."

मैत्रेयीनं तिथूनच उज्ज्वला मॅडमना व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल फिरोजच्या हातात दिला. तिनं त्याची ओळखही करून दिली नाही. फिरोजनं तेच सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि या वेळी फोनवरच्या माणसाचं आणि घाईचं नाव काढलं नाही. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं,

"आधीचा फोटो आहे तुमच्याकडे?"

"होता. मीच काढून टाकला."

"का?"

"पकडल्या जाईन म्हणून."

"तुम्ही म्हणता ते मला खरं वाटतं," मॅडम म्हणाल्या. "पण मला वाटून उपयोग नाही. माझ्याजवळ आता फक्त तुमचा शब्द आहे, आणि तुम्ही एकदा मला शब्द दिला होतात."

फिरोजनं मोबाइल मैत्रेयीला परत दिला.

पुढं त्यांनी त्यांच्या संस्थेत विचारलं. दीपमाळ प्रदर्शनात घ्यायची ठरली, पण मधल्या मोठ्या काचेत नाही, बाजूच्या टेबलावर. शेजारी एक सूचना: मूळ कोरीव मजकूर साफसफाईत नष्ट झाला, सध्याचा मजकूर नंतरचा आहे, आणि तो मूळ मजकुराप्रमाणे असल्याचं साफ करणाऱ्यानं सांगितलं आहे. फिरोज म्हणाला, माझं नाव टाका. लोकांना कळू द्या कुणी केलं. मॅडमनी सत्यशीलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथं एकच नाव राहीन. माह्या बापाचं."

मग फिरोजनं यवतमाळात तोच हॉल घेतला. मोबाइलवर लिहून टाकता आलं असतं, शमानंही तेच सुचवलं, पण त्याला ते पुरेसं वाटेना. पहिल्या कार्यक्रमाला आलेल्यांपैकी फार थोडी माणसं आली. तो स्टेजवर गेला नाही, खालीच उभा राहिला आणि बोलला.  ऐकून कुणी रागावलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. उलट एक-दोघांनी पाठीवर हात ठेवला. "जाऊ द्या ना भाई, काहून इतकं मनाले लावता? एका पट्टीची तं गोष्ट," असं एक ओळखीचा दुकानदार म्हणाला. त्या वाक्यानं फिरोज जितका खचला तितका मैत्रेयीच्या बोलण्यानं खचला नव्हता. कारण ते वाक्य त्याचं स्वतःचंच होतं, चाकाला पट्टी लावण्याआधीचं. मोबाइलच्या ग्रुपवर नकली अवॉर्डचा संदेश जितका फिरला होता, त्याच्या निम्म्यानंही ही दुसरी बातमी फिरली नाही.

नागपूरला प्रदर्शन लागलं तेव्हा तो बघायला गेला. मधल्या काचेत दुसऱ्याच कुणाचं पदक होतं. लोक तिथं गर्दी करून उभे होते. बाजूच्या टेबलाजवळ येणारा माणूस दीपमाळ बघे, सूचना वाचे आणि बहुतेक वेळा भुवया वर करून पुढं जाई. एक मध्यमवयीन बाई आपल्या नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे खरं आहे की नाही, हे काही माहीत नाही." फिरोज पुढं झाला. "खरं आहे, ताई," तो म्हणाला. "नाव मी पुसलं. माझ्या डोळ्यांनी पाह्यलं होतं मी ते." बाईंनी त्याच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं. मग विचारलं, "हे ताकसांडे कोण?" आणि त्यानं त्यांना जहाजाची गोष्ट सांगितली. बैलगाडीचा आख, दोन्हीकडून दाबणारी माणसं, खरोखर पडलेली नायिका. नवराबायको ऐकत उभे राहिले. त्या दिवशी तो प्रदर्शन बंद होईपर्यंत तिथंच थांबला. नंतरच्या रविवारीही गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शमा म्हणाली, असं करून तुम्हाला बरं वाटतं का? तो म्हणाला, बरं वाटत नाही. घरी राहिलो तर जास्त वाईट वाटतं.

प्रदर्शन संपल्यावर दीपमाळ राजूरला परत आली. तिच्यासोबत फिरोजही गेला. सत्यशीलाबाईंनी ती कपाटात ठेवली. फिरोजनं भीत भीत विषय काढला. अकोल्याला वडिलांच्या ओळखीचा एक म्हातारा कारागीर आहे, अजून हातानं नावं घालतो. तुम्ही म्हणत असाल तर नवीन पट्टीवर त्याच्याकडून नाव घालून आणतो, तुम्ही सांगाल तसंच, घसरलेल्या अक्षरासकट.

"नोको," बाई म्हणाल्या. "आता कोणी हात लावू नोको."

"मावशी, मले माफ..."

"जेवून जा," त्या मध्येच म्हणाल्या. "तुरीचं वरण केलं."

त्यानं ताटातलं सगळं संपवलं. बाई समोर बसून वाढत होत्या. त्यांनी शमाची चौकशी केली, बस किती वाजता आहे ते विचारलं. माफीचा शब्द मात्र त्यांच्या तोंडून आला नाही. नंतरही कधी आला नाही. तो वर्षातून दोन-तीनदा राजूरला जातो. दर वेळी त्याला जेवायला मिळतं, आणि दर वेळी तो न विचारता परत येतो.

दीपमाळ परत आली त्या दिवशी तो निघाला तेव्हा मैत्रेयी कॉलेजातून येत होती. तिची स्कूटी तिनं फाटकाच्या मधोमध उभी केली आणि हेल्मेट काढता काढता तिला फिरोज दिसला. तो आतल्या बाजूला थांबला. "जय भीम, मॅडम," तो म्हणाला.  तिनं हेल्मेट आरशाला अडकवलं, स्कूटी स्टँडवरून उतरवली आणि ढकलत बाजूला घेतली. फाटक मोकळं झाल्यावर फिरोज खाली मान घालून बाहेर पडला आणि चुन्याच्या रस्त्यानं बसथांब्याकडे चालायला लागला.